घुबडाचं पातं

माझ्या आईचं माझ्याबद्दल एक मत होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ही पोरगी घरात मीठ संपलंय हे विसरेल, पण हिला कुणी काय बोललं ते मरेपर्यंत विसरणार नाही. खरंच आहे ते. लोक सांगतात, सोडून द्यावं, मनाला लावून घेऊ नये. कावून सोडावं? ज्यानं केलं त्यानं खुशाल ढेकर द्यावा आणि ज्याचं झालं त्यानं मन मोठं करावं, हा कुठला न्याय?

तर केजच्या त्या कूलरवाल्या मालकाचं सांगते. नाव घेत नाही. आमच्या घरात त्याला नुसतं मालक म्हणायचे, कारण माझे वडील, म्हणजे आबा, त्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मिस्त्री होते. कारखाना म्हणजे रस्त्यालगतची लांबलचक पत्र्याची शेड. तिथं पत्रे कापायचे, ठोकायचे, कूलरचा डबा करायचा, आत मोटर आणि पाती बसवायची. होळी झाली की आमच्याकडं ऊन असं काही चढतं की, ज्याच्या घरात धड खाट नाही तोही कूलर शोधत फिरतो.

त्या शेडमधलं सगळ्यात महाग हत्यार म्हणजे आबांचा कान. फिरत्या मोटरला ते पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, बुश गेलंय. किंवा तिसरं पातं सूतभर जड हाय. पातं काढून तोललं तर खरंच जड निघायचं. मालक गिऱ्हाइकांना हौसेनं हा खेळ दाखवायचा.

दिवसभर डोक्याशी पत्रा वाजत असला तर कान किती वर्षं टिकणार? आधी आबांना आईची हाक ऐकू येईना, मग दारावरची थाप, मग एसटीचा हॉर्न. मालकाला हे माहीत होतं. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा त्यानं कधी दिला नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा असते. हातोडे, कात्र्या, पाने धुऊनपुसून मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. पूजा झाली की मालक आपल्या हातानं एकेका कामगाराला टॉवेल-टोपी घालतो आणि नारळ देतो. पहिला मान सगळ्यात जुन्या मिस्त्रीचा. तो मान कैक वर्षं आबांचा होता. त्या टोप्या आईनं ट्रंकेत एकात एक घालून ठेवल्या होत्या.

त्या वर्षी मी अंबाजोगाईला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, मेकॅनिकलला. सुट्टीला आले होते म्हणून आईनं पुरणाचा डबा देऊन मला शेडवर पाठवलं. मी दारात उभी होते. आबा पाठमोरे बसून हत्यारांपुढचा कापूर सारखा करत होते. मालकानं हाक मारली, मिस्त्री. आबांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मारली. मग हातातला टॉवेल त्यानं दुसऱ्याच कामगाराच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "भैऱ्या माणसाला कशाला बे मान? दिला काय अन् न्हाई दिला काय, त्याला काय ऐकू येणार हाय?"

सगळे हसले. समोरच्यांच्या माना हसण्यानं हलल्या तशी आबांनी वळून बघितलं. सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

ते हसू माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. डबा तिथंच आदळावा असं वाटलं, पण मी तो पायरीवर ठेवला आणि घरी आले. महिन्याभरात मालकानं आबांना कामावरून काढलं. म्हणाला, कान गेलेला मिस्त्री म्हणजे आंधळा ड्रायव्हर. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की ह्याच माणसानं ह्याच हातानं आबांच्या डोक्यावर टोपी घालायची, चार माणसांत घालायची, आणि तोंडानं म्हणायचं की चुकलं. एवढं झाल्याशिवाय माझा जीव थंड होणार नव्हता. आबा शेडमध्ये काय झालं ते कधी बोलले नाहीत आणि मीही त्यांना सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला तसलं काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं.

डिप्लोमा झाल्यावर मी नोकरीच्या मागं लागले नाही. घरामागं आठ पत्र्यांची शेड टाकली आणि आबांना घेऊन कूलर दुरुस्तीला बसले. हिच्यानं काय होतंय, असं गल्लीतल्या बाया आईला ऐकू जाईल असं बोलायच्या. होत नव्हतंच. मालकाच्या शेडमधून उन्हाळ्यात गाड्या भरून कूलर जायचे आणि आमच्याकडं आज एक, परवा एक. त्याच्यासारखे कूलर बनवून त्याला हरवणं जमणार नव्हतं. त्याला जे येत नाही ते करायला हवं होतं, आणि ते काय हे मला लग्नात बसून कळलं.

आमच्याकडची लग्नं भर उन्हाळ्यात. मंगल कार्यालयात दहा-बारा मोठे कूलर लावलेले असतात, आणि मंगलाष्टकं सुरू झाली की ते सगळे बंद करावे लागतात, कारण त्यांच्या घरघरीत माईकसुद्धा ऐकू येत नाही. बौद्ध लग्नात वंदना सुरू झाली की तेच. तेवढा वेळ हजार माणसं घामानं निथळत उभी. आमच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. अक्षता म्हणजे घाम, असंच सगळे धरून चालतात. मी मनात म्हणाले, अक्षता पडताना जो कूलर चालू राहील, तोच कूलर मालकाचं दुकान बसवील.

पण पंख्याचा आवाज घालवायचा कसा? पुस्तकात शोधलं, मोबाईलवर शोधलं. उत्तर मिळालं ते माजलगावच्या मोंढ्यात. माझा मामा तिथं एका धान्याच्या गोदामाचा राखणदार. मी त्याच्याकडं गेलते, तिन्हीसांजेची वेळ होती, गोदामाच्या दाराशी चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात माझ्या तोंडावर वारा आला. वर बघितलं तर हाताएवढं पांढरं घुबड डोक्यावरून निघून गेलं होतं. वारा लागला, आवाज काहीच नाही. पलीकडं एक कबुतर उडालं तर ते फडफड करत गेलं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मामानं सांगितलं की गोदामाच्या माळ्यावर त्यांची जोडी आहे. उंदीर धरतात म्हणून तो त्यांना राहू देतो. व्यापारी लोक म्हणतात हाकलून दे, अशुभ असतं. पण मामा कुणाला दगड मारू देत नाही, कारण घुबडाला मारलेला दगड ते उचलून नेतं आणि पाण्याकाठी घासत बसतं. दगड जसजसा झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. मी इंजिनिअर बाई, माझा असल्यावर विश्वास नाही. पण खरं सांगते, मला ती गोष्ट लई आवडली. मलाही एक दगड घासायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले. खाली गळलेली पिसं पडली होती. घरी न्यायची नाहीत असं मामानं बजावलं होतं, म्हणून तिथंच बसून बघितली, फोटो काढले, वहीत चित्र काढलं. पंखाच्या अगदी बाहेरच्या पिसाची पुढची कड, म्हणजे जी हवेला आधी भिडते ती, फणीसारखी दातेरी होती. दाते इतके बारीक की बोटाला कळतील न कळतील. पिसाचा वरचा भाग मखमलीसारखा. आणि मागची कड सुटी, झालरीसारखी विस्कटलेली. हवा पंखावर आदळते तिथं दाते तिचे बारीक बारीक धागे करतात, वर मखमल तिला घासू देत नाही आणि मागं निघताना झालर तिला सावकाश सोडते. आवाज होतो तो हवा एकदम फाटते म्हणून. घुबड हवा फाडत नाही, विंचरून सोडतं. शिवाय अंगाच्या मानानं पंख मोठे, त्यामुळं जोरात फडफडायची गरजच पडत नाही. उंदराला चाहूल लागू नये म्हणून ते गुपचूप उडतं हे तर आहेच, पण आपल्याच पंखांच्या आवाजात उंदराची खुसफुस हरवू नये म्हणूनही उडतं.

मग दोन उन्हाळे त्यात गेले. आधी पात्याची पुढची कड पत्र्याच्या कात्रीनं कातरून मोठे दाते केले, तर कूलर शिट्टी वाजवायला लागला. मखमल चिकटवली, ती पाणी पिऊन फुगली आणि सुटून भिंतीवर जाऊन बसली. मग प्लॅस्टिकच्या पट्टीला बारीक तिरके दाते काढून ती पुढच्या कडेला बसवली. मागच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर दोऱ्याएवढं बारीक कातरून झालर लावली. पाती रुंद केली आणि मोटरचा वेग उतरवला. खरं सांगायचं तर निम्मा आवाज नुसत्या मोठ्या पात्यानं आणि कमी वेगानं गेला. उरलेला दात्यांनी आणि झालरीनं. पण लोकांना दाखवायला दातेच बरे पडतात.

तपासणी आबांकडं. कान गेले तरी त्यांचं काम अडलं नाही. कूलरच्या डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे आणि पाण्याकडं बघत बसायचे. पाणी थरथरलं की मोटर बंद. तळहात पत्र्यावर ठेवून कुठलं पातं जड आहे ते अजूनही सांगायचे. आमचं बोलणं मात्र कमी कमी होत गेलं. सुरुवातीला मी ओरडून बोलायचे, घसा बसायचा. मग पाटी आणली. मग पाटीचाही कंटाळा आला, बोटांनी भागायला लागलं. हे दाब, ते सोड, जेवायला चला. मला कामाची घाई होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात केजच्या एका मंगल कार्यालयानं आमचे दोन कूलर लावून बघितले. मंगलाष्टकं चालू असताना ते दोन चालूच ठेवले. त्यांच्यापुढं जागा धरायला बायकांची रेटारेटी झाली. पंधरा दिवसांत दुसऱ्या कार्यालयाचा माणूस दारात, मग तिसऱ्या. मालकाचे कूलर परत जायला लागले, आणि एका दुपारी त्याचा मेहुणा आमच्याकडं कूलर घ्यायला आला. आपण कोण हे त्यानं सांगितलं नाही. त्याला वाटलं मी ओळखणार नाही. अरे, त्या शेडमध्ये हसणाऱ्यांतला एकेक चेहरा मला पाठ होता.

मी गोड बोलले, चहा पाजला, उद्या न्या म्हणाले. पंख्याच्या चौकटीवर कुठल्या दिशेनं फिरायचं ते दाखवणारा लाल बाण चिकटवलेला असतो. आमच्या धंद्यात सगळे त्या बाणावर डोळे मिटून भरवसा ठेवतात. मालकाच्या मोटरी आमच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या होत्या, त्यामुळं आमचं पातं जसंच्या तसं त्याला उचलता येणार नव्हतं. दाते पुढं की मागं, हे तो बाण बघूनच ठरवणार, हे मला माहीत होतं. आबा पेला भरायला नळावर गेले तेवढ्यात मी बाण सोलला आणि उलटा चिकटवला. बोटानं घासून घासून बसवला.

मालकानं जोरात तयारी केली. आता आमचेही बिनआवाजी, असं सांगून एका मोठ्या कार्यालयात दहा कूलर दिले. तिथल्या पहिल्याच लग्नाला मी गेले. ना वराकडची ना वधूकडची. आमच्याकडं लग्नात एका जास्तीच्या माणसाला कुणी विचारत नाही. तिसऱ्या रांगेत बसले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कूलर चालूच ठेवले. उलट्या बाणानं झालर पात्याच्या पुढच्या कडेला गेली होती. सुटं रबर तोंडावर वारा घेतं तेव्हा काय करतं? फाटक्या पतंगासारखं फडफडतं. दहाच्या दहा कूलर फडफडले. भटजींचा आवाज बुडाला. मागं एक म्हातारा म्हणाला, कबुतरं सोडली काय रे हॉलात. मांडवभर हशा पिकला. मालक स्वतः बटणं बंद करत एका कूलरकडून दुसऱ्याकडं पळत होता, आणि लोक त्याच्याकडं बोट दाखवून हसत होते. त्या शेडमध्ये आबांना हसले होते ना, तसंच.

मी दोन जास्तीच्या जिलब्या खाल्ल्या. ती कुणाच्या तरी लेकीची मंगलाष्टकं होती हे मला फार नंतर सुचलं. तेव्हा सुचलं नाही.

पावसाळ्यानंतर मालक आमच्या दारात आला. वाळला होता. मला ताई म्हणाला. त्या शेडच्या दारात मी डबा घेऊन उभी होते तेव्हा ए पोरी म्हणाला होता. पात्यात आपलं काय चुकतंय तेवढं सांगा, वाटल्यास पाती तुमच्याकडूनच घेतो, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, सांगते की, पण खंडेनवमीला या. टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन या. पहिला मान कुणाचा तो तुम्हाला माहीत आहे. आणि चार माणसांत तोंडानं म्हणायचं, चुकलं. त्याला आठवत होतं. मान खाली घालून तो हो म्हणाला.

खंडेनवमीला मी सगळी गल्ली बोलावली. शेडमध्ये हत्यारं मांडली, आबांना नवा सदरा घातला आणि बाकड्यावर बसवलं. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मी बोटानं खूण केली होती, बसा. मालक आला. त्यानं आबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी भुवई उडवली. अजून राहिलंय.

"मिस्त्री," तो मोठ्यानं म्हणाला, "माझं चुकलं."

गल्लीतल्या पोरासोरांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. एका माणसाला सोडून. आबा आपले मालकाकडं बघून हसत होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, काय म्हणतेत मालक?

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. किती दिवसांनी नेलं होतं! ओरडले, चुकलं म्हणतेत. कळलं नाही. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा कळलं.

"कशाचं?" आबा म्हणाले.

आता खरं उत्तर द्यायचं तर मालकाचं ते वाक्य मला माझ्या तोंडानं, गल्लीच्या देखत, माझ्याच बापाच्या कानात तीन-तीनदा ओरडावं लागणार होतं. भैऱ्या माणसाला कशाला मान. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बोलत नाही म्हटल्यावर आबांनी आपल्या परीनं अर्थ लावला.

"कूलरचं व्हय?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "न्हाई मालक, तुमचं कावून चुकंल. बाणच उलटा व्हता. हिनं फिरवला. मी नळावरून बघितलता."

मालकानं माझ्याकडं बघितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या, त्याची तयारी माझी कायम असते. तो वाकला, आबांच्या डोक्यावरची तिरकी झालेली टोपी दोन्ही हातांनी सरळ केली आणि त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसला.

मी आबांपुढं हात हलवला. बघितलं होतं तर मला का सांगितलं नाही?

"म्हणलं, काई तरी कारण असंल. सांगंल लेक कवा तरी," आबा म्हणाले. "रोज वाट बघितली. पर तू कुठं बोलतीस माय माझ्यासंगं? निस्ती बोटं दाखवतीस."